वेशीतला दशांश

दानाच्या रविवारी सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन बसा, व्यासपीठावरून बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय हमखास ऐकू येतो. सगळा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, देवाला लुबाडू नका, मग आशीर्वादाचा वर्षाव होईल. उपदेश संपतो, गीत सुरू होतं, दानाची थैली बाकांमधून फिरते. हे वचन खरं आहे आणि ते वाचायलाच हवं. पण ते त्याच्या जागेवरून एकटं उचललं जातं. त्याच अध्यायात, तीनच वचनं आधी, देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणार त्यांची यादी आहे: मजुराची मजुरी दाबून ठेवणारे, विधवेला आणि पोरक्याला नाडणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. दशांश चुकवणाऱ्यांची पाळी त्यानंतर येते. पहिला आरोप सोडून आपण दुसऱ्यावरच वर्षानुवर्षं उपदेश ऐकत आलो आहोत.

बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय तर दानाच्या रविवारी मी क्वचितच ऐकला आहे. दशांशाचं नेमकं काय करायचं ते तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. एरवीच्या वर्षी तो देवासमोर नेऊन घरच्यांसह आनंदाने खायचा. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो मंदिराकडे न्यायचाच नाही. आपल्याच गावात, वेशीच्या आत साठवायचा आणि चौघांनी येऊन पोटभर जेवायचं: मंदिराची सेवा करणारा, ज्याला वतन नाही तो लेवी, परका, पोरका आणि विधवा. हे दान कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ते वर्षाच्या हिशोबात बसवलेलं आहे, पेरणी-कापणीसारखं.

या तिसऱ्या वर्षाचं आपण काय केलं? मला वाटतं, आपण ते हिशोबातून काढूनच टाकलं. म्हणून माझी मागणी सरळ आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळीने आपल्या दानाचा, आपल्या माणसांच्या सेवेच्या वेळेचा आणि आपल्या इमारतीचा तिसरा हिस्सा वेशीतल्या माणसासाठी ठरवून बाजूला काढावा, आणि तो कुठे गेला ते सगळ्यांना दिसेल असं फळ्यावर लिहावं.

मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचं पत्रक वाटतात. एका बाजूला जमा: दशांश, उपकारस्तुतीची दानं, हंगाम सणाच्या लिलावात भोपळ्याला, कोंबड्याला, शेंगांच्या पोत्याला आलेले पैसे, लग्नाची आणि बाप्तिस्म्याची दानं, बँकेचं व्याज. दुसऱ्या बाजूला खर्च. पाळकसाहेबांचा पगार, वरच्या कार्यालयाला द्यायचा वाटा, वीजबिल, रंगकाम, साउंड सिस्टीम, नाताळची रोषणाई, मंडप, आचारी, पाहुण्या वक्त्यांचा प्रवासखर्च, दफनभूमीची भिंत. पुष्कळ ठिकाणी एक बाब वर्षानुवर्षं हटत नाही, ती म्हणजे कोर्टखर्च. मिशनच्या काळातल्या जमिनी आणि विश्वस्तपदं यांवरून आपापसांत चाललेले दावे. ‘गरीब मदत’ ही ओळही असते. ती अगदी खाली, ‘किरकोळ’च्या शेजारी. सभेत तासभर चर्चा स्पीकरच्या किमतीवर होते, या ओळीवर होत नाही.

प्रेषितांचा विश्वासांगीकार आपण उभं राहून म्हणतो. पण समाजाने कशाला आधी हात घातला आणि कशाला उरलंसुरलं दिलं, हे या पत्रकातूनच कळतं. मी ते माझ्या माणसांना दुखवायला म्हणत नाही. थैलीत पाकीट टाकणारे बहुतेक जण प्रामाणिक आहेत, त्यातले कितीतरी स्वतः हातावर पोट असलेले आहेत. त्यांच्या प्रामाणिक दानाचं पुढे काय होतं, याची चिंता म्हणून हे लिहिते आहे.

ज्या जमिनींवरून आपण कोर्टात उभे आहोत, त्या आपल्याकडे कशा आल्या हे आठवावं. विल्यम वॉनलेस नावाचा तरुण डॉक्टर 1889 मध्ये भारतात आला. 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. जवळजवळ चार दशकं तो माणूस या भागात राबला आणि 1928 मध्ये निवृत्त झाला. कुष्ठरोग्याला घरात कुणी ठेवत नव्हतं तेव्हा मिरजेत त्याच्यासाठी खाट होती. क्षयाचं नाव काढायला लोक घाबरत तेव्हा सांगली-मिरजेच्या मधे त्या रोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. तो परिसर आजही वॉनलेसवाडी म्हणूनच ओळखला जातो. अमेरिकेतल्या देणगीदारांचा पैसा त्यात होताच. पण नुसत्या पैशावर रुग्णालय चालत नाही. रात्रपाळ्या करणाऱ्या मराठी ख्रिस्ती परिचारिका, जखमा धुणारे ड्रेसर, कंपाउंडर, स्वयंपाकघरात पेज करणाऱ्या बायका, बेडपॅन उचलणारे सफाई कामगार यांचा वेळ त्यात गेला. आज सांगलीकर ‘दुखणं हाताबाहेर गेलं, मिरजेला न्या’ म्हणतो, त्या म्हणण्याला या लोकांच्या आयुष्यांचा आधार आहे. ती आपली आजी-पणजी होती. तिने दिलेल्या तासांवर आपली प्रतिष्ठा उभी आहे.

साताऱ्याचंही असंच. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, कवी म्हणून त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं, मिशनमध्ये त्यांना काम होतं, पगार होता. 1917 मध्ये त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे चालू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला त्या दरबारात जागा होती. दोन वर्षांतच, 1919 मध्ये, ते गेले. दरबार मोठा होऊ शकला नाही. तरीही मला त्यांच्या अभंगांइतकाच हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. दर महिन्याला येणारी रक्कम सोडायची, ती उतारवयात सोडायची, आणि मोकळा झालेला वेळ आपल्या मंडळीबाहेरच्या माणसांसाठी खर्चायचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या काळातली ओढाताण सोसली, हेही विसरता कामा नये. घरातल्या एकाच्या त्यागाची किंमत बहुधा दुसरं कुणीतरी चुकती करत असतं, आणि मराठी घरांत ती बहुधा बाई असते.

त्याच 1919 साली, त्याच सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्यात आला. वसतिगृहातली मुलं जगवायला त्यांनी मुष्टी फंड काढला: घरातल्या बाईने दळण-स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, आणि साठलेलं धान्य बोर्डिंगकडे जायचं. मुलांना खायला उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रही मोडलं. ही माणसं ख्रिस्ती नव्हती. पण प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला जे लिहिलं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, ते सातारा जिल्ह्यातल्या चुलींपुढे अक्षरशः पाळलं गेलं. मूठ आधी काढायची, भाकरी नंतर थापायची. उरलं तर देऊ, असं त्यात नव्हतं. शिवाय ते धान्य कोणत्या जातीच्या मुलाच्या ताटात पडणार हे त्या बाईला माहीत नसायचं, आणि तरी ती देत होती.

आता वेळेकडे येते, कारण मला पैशापेक्षा वेळेची काळजी जास्त आहे. पैसा ऑनलाइन पाठवता येतो, स्कॅनर आता चर्चच्या दारातही लागला आहे. वेळ तसा पाठवता येत नाही. तिथे स्वतः जावं लागतं.

मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात संध्याकाळी वॉर्डाबाहेर जाऊन पाहा. जतच्या पलीकडून, अथणीकडून, विजापूर भागातून, सांगोल्याहून आलेली माणसं जिन्याखाली चटया टाकून बसलेली असतात. नवरा आत, बायको बाहेर. तिच्याजवळ एक प्लास्टिकची पिशवी. त्यात एक्स-रेचा मोठा लिफाफा, रक्ताचे रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या चार-चार प्रती, फडक्यात बांधलेली कडक ज्वारीची भाकरी. आतून कुणी तरी चिठ्ठी आणून देतं: ‘हे घेऊन या.’ कुठून आणायचं, हे औषध आहे की तपासणी, पैसे आता भरायचे की योजनेत बसतं, तिला कळत नाही. कन्नड बोलणारी असेल तर विचारायचीही पंचाईत. ती उठून मेडिकलमध्ये गेली आणि तेवढ्यात डॉक्टरांचा राऊंड झाला, तर उद्यापर्यंत काही कळणार नाही. म्हणून ती चहालाही उठत नाही, लघवीलाही जात नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र असतो, पण त्याच्यापुढे रांग असते आणि कागद अपुरा निघाला की माणूस परत फिरतो. धर्मादाय कायद्याखाली येणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सरकारने कायद्याने दशांश लावला आहे, एकदा नाही, दोनदा. पण ही तरतूद त्या बाईला कोण सांगणार? उत्पन्नाचा दाखला नसेल तर काय करायचं, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना कुठे भेटायचं, अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, हे तिच्याजवळ बसून समजावून सांगायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाने एखाद्या घराची म्हैस विकायची वाचते.

मिरज-सांगलीच्या मंडळ्यांत निवृत्त सिस्टर आहेत, निवृत्त लॅब टेक्निशियन आहेत, बँकेतून आणि शाळांतून निवृत्त झालेले, अर्ज लिहिण्यात मुरलेले लोक आहेत. त्यांना वॉर्डाची शिस्त ठाऊक आहे. ‘ताई, चिठ्ठी दाखवा बघू. ही तपासणी इथेच होते, बाहेर जाऊ नका. तुम्ही चहा घेऊन या, मी बसते इथे,’ एवढं म्हणायला कुठल्याही प्रशिक्षणाची गरज नाही. साठ घरांची मंडळी धरा. घरटी एका माणसाने महिन्याला फक्त दोन तास दिले तर महिन्याचे 120 तास होतात, म्हणजे रोज संध्याकाळी पाच ते नऊ एका वॉर्डाबाहेर आपलं एक माणूस. आठवडाभर आधी यादी लावायची, व्हॉट्सॲपवर आठवण द्यायची, जो येऊ शकत नाही त्याने बदली माणूस बघायचा. ड्यूटी कशी लावतात हे मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला शिकवायला नको.

वेळ नाही, असं जे म्हणतात त्यांना मला डिसेंबर आठवून द्यावासा वाटतो. तरुण संघाची मुलं-मुली त्या महिन्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरोघरी गीतं गात फिरतात, सकाळी कॉलेजला जातात, पुन्हा रात्री सरावाला येतात. नाटकाचे पडदे स्वतः रंगवतात. वेळ आहे. तो उदंड आहे आणि आनंदाने दिला जातो. फक्त तो आपल्याच घरांच्या अंगणात फिरून परत येतो.

या बाबतीत वारकऱ्यांकडे पाहून मी नेहमी गप्प होते. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी दर आषाढीला सातारा जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. आळंदी ते पंढरपूर जवळजवळ अडीचशे किलोमीटर. ऐन पेरणीचे दिवस असतात. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी त्या दिवसांची किंमत वर्षभराच्या धान्याएवढी असते, आणि तो पेरणी भावावर, शेजाऱ्यावर टाकून, नाहीतर पावसाच्या भरवशावर सोडून चालायला लागतो. वाटेवरच्या गावांत लोक अनोळखी माणसांसाठी पिठलं-भाकरीच्या चळती लावतात, पाय चेपून देतात. आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी अभंग घेतला, कीर्तन घेतलं, टाळ-मृदंग घेतला. ही वाटेवरची भाकरी घ्यायची राहून गेली.

इमारतीविषयी मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. चर्चची इमारत, तिच्या मागची शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायची खोली, हॉल, आवार, नळ, संडास, पंखे, बाकडी. सोमवार ते शनिवार बहुतेक वेळ कुलूप. शहरात एक खोली भाड्याने घ्यायची म्हटलं तर डिपॉझिटनेच माणूस वाकतो, आणि आपल्याकडे देवाच्या नावावरच्या खोल्या सहा दिवस बंद पडून असतात.

सांगली-सातारा हा उसाचा पट्टा. वाळवा, पलूस, कराड भागात दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड, जालना, परभणीकडून, आपल्याच जत-आटपाडीकडूनही, ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे फडात, रात्री-अपरात्री ट्रॅक्टर-ट्रॉली भरायला. शेताच्या कडेला, कारखान्याच्या मोकळ्या जागेत पालं ठोकलेली. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पालापाशी बसते, कारण आई फडात गेलेली असते. तिची शाळा गावाकडे राहिली. साखरशाळा काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाहीत. आणि हे सगळं नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपला आगमनकाळ, नाताळ, नवं वर्ष, उपवासकाळ, सगळं या लोकांच्या मुक्कामातच येतं. बेथलेहेममध्ये उतारशाळेत जागा नव्हती म्हणून आपण मुलांकडून नाटक बसवून घेतो. त्याच आठवड्यात चार-पाच किलोमीटरवर पालात एखादी बाई बाळंत होत असते. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायातला ‘परका’ शोधायला लांब जायला नको. तो उसाच्या ट्रॉलीवर बसून आपल्या चर्चवरून जातो.

कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. हे वचन उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, रोज दोन वेळा चहात साखर घालणाऱ्या माणसाने वाचलं तर त्याच्या घशाखाली ते सहज उतरू नये.

गावाजवळ टोळी उतरली असेल तिथल्या मंडळीने शब्बाथ शाळेची खोली त्या पाच महिन्यांसाठी उघडावी. सकाळी नऊ ते दुपारी तीन. पालांवरून मुलं आणायला एक टमटम ठरवावी, दुपारी आमटी-भात द्यावा, एक शिकवणारी मुलगी पगार देऊन नेमावी आणि जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेशी बोलून मुलांची हजेरी तिथे लागेल असं पाहावं. धाकट्यांसाठी पाळणा बांधावा, म्हणजे मोठीला वही हातात धरता येईल. याला कोटी रुपये लागत नाहीत. नाताळच्या रोषणाईचा, मंडपाचा आणि पाहुण्या वक्त्यांचा खर्च निम्म्यावर आणला तर पुष्कळ ठिकाणी एवढं भागेल. जेवण नको म्हणत नाही. देवासमोर आनंदाने खाणं हाही दशांशाचाच भाग आहे, ते त्याच अध्यायात लिहिलेलं आहे. पण लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने पंगतीला कोणाला बोलवायचं तेही सांगून ठेवलं आहे: जे उलट बोलावू शकत नाहीत अशांना. आपल्या घरच्या लग्नांनाही हाच नियम लावावा. कर्ज काढून हॉल, ड्रोन आणि पाचशे पाहुणे, ज्यातल्या प्रत्येकाच्या घरी आपण पुढच्या मे महिन्यात जेवून येणार, ही परतफेडीची पंगत आहे.

घरातल्या हिशोबाबद्दल एक गोष्ट राहते. मी अशी ख्रिस्ती घरं ओळखते जी पगार झाल्याबरोबर दशांश मोजून पाकिटात घालतात, आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार दहा-बारा तारखेवर जातो. सुट्टीचे दिवस कापले जातात. मावशींच्या नातवाची फी भरायची असते तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे. म्हणजे पाकिटात जाणारी रक्कम मोजायच्या आधी मावशींची मोजावी लागते. पुदिन्या-जिऱ्याचा दशांश देऊन न्याय, दया आणि विश्वास मागे टाकल्याबद्दल प्रभूने परूशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, जे सुनावलं, ते आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी लागू पडतं.

या सगळ्यावर काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे. पहिलं, पाळकांचे पगारच भागत नाहीत. खरं आहे. परदेशातून येणारा पैसा आटला, 2020 मध्ये परकीय निधीचा कायदा आणखी कडक झाला, एका संस्थेने दुसरीला तो निधी देण्यावर बंदी आली. कितीतरी खेड्यांतल्या पाळकांना वेळेवर पगार मिळत नाही, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची आबाळ होते. पण वेशीतल्या चौघांत पहिलं नाव लेव्याचंच आहे. ज्याला जमीन-वतन नाही आणि जो देवाच्या घरची सेवा करतो त्याचं पोट आधी. पाळकाचा पगार रोखून गरिबांना वाटा, असं मी कधीच म्हणणार नाही. मी म्हणते ते रोषणाई, वक्ते, फरशी-ग्रॅनाइट आणि दाव्यांच्या खर्चाबद्दल.

दुसरं, आपला समाजच गरीब आहे. पुष्कळ अंशी हेही खरं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, आणि शतकभरापूर्वीची गरिबी पुष्कळ घरांत अजून बसून आहे. पण मंदिरात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपल्याला आवडते ती यासाठीच ना, की गरीबही देतो? आणि त्या गोष्टीच्या अगदी आधीच्या वचनांत, मार्कच्या बाराव्या अध्यायात, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी प्रभू बोलतो. तिचं दान कौतुकाचं आहे. तिच्या दानातून मंदिराची कमान उभी करून तिला रिकाम्या हाती घरी पाठवणारी व्यवस्था कौतुकाची नाही.

तिसरी हरकत सर्वांत अवघड. आज ख्रिस्ती माणसाने कुणाच्या हातावर भाकरी ठेवली तरी ‘आमिष’ असा आरोप होतो. ही भीती खोटी नाही, आणि तिच्यापोटी पुष्कळ चांगली माणसं घरात बसली आहेत. माझं उत्तर असं की जे करायचं ते उघडपणे करावं. वॉर्डाबाहेर बसणाऱ्याने हातात पत्रकं नेऊ नयेत, फोटो काढू नयेत, कुणी विचारल्याशिवाय प्रार्थनेचा विषय काढू नये. खोलीत शिकवायचं ते जिल्हा परिषदेच्या शाळेचंच पुस्तक. गावचे सरपंच, मुख्याध्यापक, मुकादम, सगळ्यांना येऊन बघायला सांगावं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं, अर्धी सांगली पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर घराघरातला चिखल काढायला जे खोरं घेऊन आले त्यांना कुणी धर्म विचारला नाही. नदीने ती अट आठवडाभर काढून टाकली होती. आपण ती कायमची काढू शकतो.

हे सगळं बायकांच्याच माथी मारलं जाऊ नये, ही माझी अट आहे. महिला मंडळ आजही स्वयंपाक करतं, फुलं लावतं, आजाऱ्याच्या घरी डबा नेतं, प्रार्थना सभा चालवतं, आणि हे तास कुणी मोजत नाही. यादी लावायची तर पंच कमिटीतल्या पुरुषांची नावं तिच्यात आधी यावीत. आमटी ढवळायलाही, पाळणा हलवायलाही.

आणि हिशोब. चर्चच्या बहुतेक संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. लेखापरीक्षण करून कागद धर्मादाय आयुक्तांकडे जातात. म्हणजे आकडे तयार असतात. ते दाराजवळच्या फळ्यावर, दर महिन्याला, कुणीही वाचू शकेल अशा ठळक अक्षरांत लिहायला अडचण नसावी: दान किती आलं, वेशीतल्या कामाला किती गेलं, किती तास दिले गेले, खोली किती दिवस उघडी होती. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना पौलाने बरोबर दुसरी विश्वासू माणसं घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने हे कारण स्वतःच दिलं आहे.

तो हिस्सा कुणाच्या हाती द्यायचा, हेही प्रेषितांच्या कृत्यांत सापडतं. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरबुर झाली. प्रेषितांनी सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हाती वाटणीचा अधिकार गेला. आपल्या मंडळ्यांत या कामाची समिती नेमताना तीत जमीनजुमल्याचे जाणते आणि तीच ती चार आडनावं पुन्हा नकोत. घरकाम करणारी एक बाई, एक विधवा, खेड्यातून नुकताच शहरात आलेला एक तरुण, वॉर्डात सफाई करणारा एक माणूस, अशी निम्मी समिती असावी. थैली मोजायच्या टेबलाशी त्यांनीही बसावं आणि खात्यावर त्यांचीही सही चालावी.